मधले अकरा सेकंद

कमळाकर : सगल्यात फास्ट जो हाय तो दे. किमतीचं मला सांगू नको.

सॉल : किंमत मी आता कोणालाच सांगत नाही, कमळाकरशेट. तुला सांगितली, तर तू वर्षभर दुकानाची पायरी चढला नाहीस. बस आधी. ते स्टूल तुझंच आहे, दुसरं कोणी बसत नाही त्यावर. एक पाय लंगडा आहे.

रंजिता : सॉलकाका, तुम्ही सुरू करू नका हं. उरण नाक्यावर पाऊण तास अडकलो होतो, पप्पांचं डोकं आधीच गरम आहे.

सॉल : थंड कधी बघितलंस तू? बरं, तू सांग. खारघरहून सुट्टी टाकून आलीस म्हणजे काम मोठं असणार.

रंजिता : मेमरी कार्ड हवंय. रविवारी बैलगाड्यांची शर्यत आहे ना, आपल्या गावच्या भरावावर. फायनलला लाइनीवर मी उभी राहणार आहे. बर्स्ट मारायचाय, सेकंदाला आठ फोटो. मधेच हँग झालं तर संपलं.

सॉल : आणि कॅमेरा?

कमळाकर : कॅमेरा तोच. कमिटीचा.

सॉल : कमिटीचा, म्हणजे तू कमिटीला दिलेला. काढ गं बॅगेतून, बघू दे. अरे वा, नाव अजून शाबूत आहे! ‘कै. पोशा नाना यांच्या स्मरणार्थ, कमळाकर पोशा यांजकडून.’ ऑइलपेंटने. देवळातल्या पंख्यावर लिहितात तसं. लेन्सच्या काचेवर जागा होती की रे, ती कशी सोडलीस?

कमळाकर : बापाचं नाव हाय. हसतोस काय?

सॉल : तुझ्या बापाला हसणार नाही मी. पोशानानांनी आयुष्यात एकच फोटो काढून घेतला, तो आमच्या स्टुडिओत. माझे वडील म्हणाले, हलू नका. फोटो झाला, वडील आत चहा प्यायला गेले, परत येऊन बघतात तर नाना अजून तसेच. न हलता. कोणी ‘झालं’ म्हणून सांगितलंच नव्हतं. तसा माणूस. आणि मुलगा बघा, दोन मिनिटं स्टुलावर टिकत नाही.

कमळाकर : तू कार्ड दाखवतोस का मी दुसरीकडं जाऊ?

सॉल : जा की. तुला सवय आहे.

रंजिता : काका, प्लीज. हे बघा, मी ऑनलाइन बघितलं, डोकंच चालेनासं झालं. एकावर एकशे सत्तर लिहिलंय, एकावर दोनशे, एकावर तीनशे. मग V30, V60, V90. ह्यातलं फास्ट कुठलं?

कमळाकर : त्यात काय बगायचं? तीनशे मोठा का एकशे सत्तर मोठा?

सॉल : गाडीचा नंबर नाही रे हा, मोठा मिळाला की पेढे वाटायला. रंजिता, इकडे बघ. हा ठळक छापलेला आकडा असतो ना, तो वाचायचा वेग. म्हणजे फोटो काढून झाले, घरी आलीस, कॉम्प्युटरला लावलंस, की भराभर वाचेल. लाइनीवर उभी असताना त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे कार्डाला लिहायचं असतं. लिहिण्याचा वेग कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. हा V आणि पुढे तीस दिसतंय? काही झालं तरी सेकंदाला एवढं लिहीनच, अशी ती हमी.

रंजिता : म्हणजे V90 घ्यायचं. सिंपल.

सॉल : कार्ड उलटं कर. मागे पितळी दातांच्या दोन ओळी आहेत ना? आता ह्या कॅमेऱ्याची खाच बघ. एकच ओळ. दुसऱ्या ओळीला कॅमेऱ्यात कोणी विचारत नाही. हे नव्वदवालं ह्यात घातलंस तर ते आपलं साध्या कार्डासारखं चालेल. पैसे मात्र पाचपट घेऊन चालेल.

कमळाकर : बगितलंस? यानी गेल्या टायमाला पन हेच केलं. मी मोठा मागायचा, नि यानी छोटा दाखवायचा.

सॉल : मिठागरातला माणूस तू, तुला उघाडी सांगायला लागते? खाडीला भरती किती का येईना, बांधातल्या उघाडीचं दार हातभर असलं तर आत कोंडीत पाणी हातभरच येणार. कॅमेऱ्याची ही खाच म्हणजे उघाडी. ती तू बसवलेली आहेस. मी फक्त समुद्र विकतो.

रंजिता : बरोबर आहे त्यांचं, पप्पा.

कमळाकर : त्याचं बरोबरच असतं. जन्मभर बरोबरच हाय तो. ते जाऊ दे. मला एक सांग, या रविवारी हँग झाला नाय पायजे. गेल्या वर्षी माजा हरण्या अर्ध्या नाकानी पुढं व्हता. अर्ध्या नाकानी! मी माज्या डोल्यांनी बगितलाय. नि पंच बोलतात, कमळाकर, फोटो बगू. फोटो बगायला गेलो तर फोटो नाय!

सॉल : ऐकलंय मी.

कमळाकर : ऐकलं असशील. मी पुना सांगतो. लाइनीवर कोन? निकेश. माजा पुतन्या. नि माज्या हरण्या-पाखऱ्यासमोर फायनलला कोन? कोसा नि चांद्या. बैल कोनाचे? निकेशच्या बापाचे. बल्याचे. माज्या सख्ख्या भावाचे. आता पोरगा फोटो काढतो, बाप धावतो, नि नेमका लाइनीवरचाच फोटो गायब. बोलतो काय, तर “मोठे पप्पा, कार्ड अडकलं.” इतकी वर्सं लग्नात फोटो काढतो हा, नवरीनी शिंकलं तरी त्याचा फोटो असतो त्याच्याकडं. तेव्हा नाय कार्ड अडकलं!

रंजिता : झालं का पप्पा?

कमळाकर : नाय झालं. पंचांनी निकाल दिला बल्याच्या बाजूनी. ठीक हाय. हरलो. पन ह्यांची मस्ती बग. हरण्याला घरी आनला, पानी मारायला घेतला, तर कपालावर गुलाल! ही एवढी मूठ. जिंकलेल्या बैलाला लावतात तो गुलाल, हरलेल्या बैलाच्या कपालावर फासला. कशासाटी? मला चिडवायला. मुक्या जनावराच्या तोंडावर माजी थट्टा केली. मी पन पोशा नानाचा पोर. हरण्याला धुतला, ते लाल पानी बादलीत धरलं, नि नेऊन वतलं बल्याच्या उंबऱ्यावर. त्याची बायको रांगोली घालत व्हती. बगत राह्यली.

सॉल : हे मला माहीत नव्हतं.

कमळाकर : सगलं तुला माहीत पायजे काय?

रंजिता : मला माहीत होतं. मी खिडकीत होते. काका, त्यानंतर बोलणं बंद. निकेशदादाची हळद झाली डिसेंबरमध्ये, आमच्या घराच्या भिंतीला लागून मांडव. आमच्याकडे दारं-खिडक्या बंद आणि टीव्ही फुल आवाजात. मी पाणी भरायला म्हणून मागच्या दाराने गेले आणि हळद लावून आले. पाच मिनिटं. हात धुऊन परत.

कमळाकर : तू गेलती?

रंजिता : हो. गेले होते.

सॉल : माझा भाऊ येहुदा इस्रायलला असतो, अश्दोदला. भेटायचं तर मला समुद्र ओलांडावा लागतो, आणि गुडघे म्हणतात आता नको. तुझ्या आणि बळीरामच्या मध्ये किती अंतर आहे?

कमळाकर : एक भिंत हाय.

सॉल : म्हणजे माझ्यापेक्षा लांब.

कमळाकर : तू त्या शनवारी लाइनीवर उभा असतास ना, तर हा इशय झालाच नसता.

सॉल : शनिवारी! शर्यतींवर बंदी येण्याआधी वीस वर्षं मी लाइनीवर उभा राहिलो. छत्तीस फोटोंचा रोल, आणि फायनलला एक फोटो. एकच. तोपर्यंत बोट बटणावर ठेवायचं, दाबायचं नाही. मी ना तुमच्या भावकीतला, ना गावातला. माझ्या फोटोवर कधी कोणी हरकत घेतली नाही. बंदी उठली, पहिली शर्यत ठरली, ती कोणी ठेवली शनिवारी? आमच्या आज्या-पणज्यांनी शनिवारी तेलाचा घाणा फिरवला नाही, म्हणून ह्याच गावांनी आम्हाला शनवारतेली नाव ठेवलं. तुला माझा वार माहीत नव्हता?

रंजिता : प्रमुख पाहुणे होते ना, तो बिल्डर. त्यांना रविवारी लोणावळ्याला जायचं होतं. पप्पांनीच बदलली तारीख.

सॉल : ते एक. आता दुसरं. निकेशच्या गळ्यात त्या दिवशी त्याचा स्वतःचा कॅमेरा होता. चांगला, ह्याच्यापेक्षा दुप्पट चांगला. तो का नाही वापरला त्याने?

कमळाकर : कमिटीचा कॅमेरा असताना दुसरा कशाला? निकालाचा फोटो कमिटीच्याच कॅमेऱ्यानी, असा ठराव केलता आमी.

सॉल : आम्ही म्हणजे कोण?

रंजिता : अध्यक्ष. म्हणजे पप्पा.

सॉल : आणि ठराव कशासाठी? टीव्हीच्या पडद्यावर फोटो दाखवताना खाली पोशानानांचं नाव यावं म्हणून. बरं, तिसरं. त्यातलं कार्ड कोणी आणलं होतं?

कमळाकर : कमिटीनी.

रंजिता : पप्पा.

कमळाकर : काय पप्पा, पप्पा? मी आनलं. तुज्याकडं पयले आयलो व्हतो. तू एक दाखवलंस, वर आकडा नव्वद, नि किंमत बारा पिढ्यांची. स्टेशनाच्या भायेर हातगाडीवाल्याकडं तीनशेचं व्हतं, निम्म्या किमतीत. मी काय येडा हाय?

सॉल : नाही. वेडा मी. कारण नंतर तू गावभर सांगितलंस की सॉलने कमी आकड्याचं कार्ड जास्त पैशाला माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. चौघांनी मला येऊन विचारलं. एकाने तर लग्नाच्या अल्बमची ऑर्डर काढून घेतली. चाळीस वर्षांची ओळख तुझी आणि माझी, आणि तू ती हातगाडीवाल्यासमोर मोडलीस.

कमळाकर : ते… बोलन्याच्या भरात बोल्लो असंन.

सॉल : रंजिता, त्या खालच्या ड्रॉवरमध्ये खाकी पाकीट आहे. दे बरं. हं. कमळाकर, चष्मा आहे ना डोळ्यावर? हे कार्ड ओळखतोस?

कमळाकर : असली काली कार्डं सतराशे साठ असतात.

सॉल : असतात. पण मागे पांढऱ्या मार्करने ‘क. पो.’ लिहिलेलं एकच. तू तर बादलीवर पण नाव घालतोस.

कमळाकर : हे तुज्याकडं कसं?

सॉल : सांगतो. आधी हे बघ. कॉम्प्युटरला लावतो, आणि एक फाइल त्याच्यावर लिहायला सांगतो. वेग किती दाखवतोय, वाच रंजिता.

रंजिता : आठ एमबी. आता सात… परत आठ. काका, आठ? वर तीनशे लिहिलंय!

सॉल : वर काहीही लिहिता येतं, ऑइलपेंटने सुद्धा. खोटं कार्ड आहे. कॅमेऱ्याने सेकंदाला आठ फोटो काढले, पोटात होती तेवढ्या जागेत ते ठेवले, आणि कार्डाला म्हणाला, घे. कार्ड तीन सेकंदाला एक फोटो गिळतंय. कॅमेरा बिचारा तोंड भरून हँग. निकेश बटण दाबतोय, दाबतोय, काही नाही. तोवर तुझे बैल लाइन ओलांडून गेले.

कमळाकर : निकेशनी आनून दिलं हे?

सॉल : तिसऱ्या दिवशी. रडवेला झाला होता पोरगा. म्हणाला, काका, ह्यातून काही निघतंय का बघा. जे निघालं ते मी काढलं. कार्ड खोटं आहे हेही सांगितलं. म्हटलं, जा, मोठ्या पप्पांना दाखव. तर म्हणाला, नको. कॅमेऱ्यावर आजोबांचं नाव आहे, मोठ्या पप्पांनी पाहुण्यांसमोर हार घालून दिलाय. कार्ड बोगस निघालं म्हटलं तर गाव हसेल त्यांना. मला काय, चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील. पाकीट इथेच राहू द्या, आणि कोणाला सांगू नका.

रंजिता : चार दिवस! काका, वर्ष झालं. गावात त्याला ‘फोटोखाऊ’ म्हणतात. लहान पोरं पण. एका हळदीची, एका साखरपुड्याची ऑर्डर मिळाली नाही त्याला. कळंबोलीला गोडाऊनमध्ये खोके मोजतो तो आता, कॅमेरा विकला.

कमळाकर : कॅमेरा विकला?

रंजिता : तुम्हाला कोण सांगणार? त्याचं नाव घेतलं की तुम्ही ताटावरून उठता. आज मी तुम्हाला इथे का आणलं असं वाटतं? ऑनलाइन कार्ड उद्या घरी आलं असतं. निकेशदादाच्या बायकोने मला सांगितलं की काहीतरी सॉलकाकांच्या ड्रॉवरमध्ये आहे. काय आहे ते तिला पण माहीत नव्हतं.

कमळाकर : नि तू, सॉल? तुला म्हाईत व्हतं. वर्सभर म्हाईत व्हतं. एक फोन केला असतास. पोराला शब्द दिलास, ते ठीक. पन तू माजा मित्र हायेस ना?

सॉल : हो.

कमळाकर : मंग?

सॉल : मग काय? खरं सांगू? पहिला महिना शब्द पाळला. नंतर शब्दाचं निमित्त झालं. तू समोरच्या फुटपाथवरून जायचास, माझ्या दुकानाकडे न बघता, मान अशी ताठ करून. आणि मी काउंटरमागे बसून म्हणायचो, जा, जा, तुझी सगळी ऐट माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये पडली आहे. गोड लागत होतं मला ते. बायको, मिल्का, मला म्हणायची, पाप लागेल. लागलंच असेल. पोराचा कॅमेरा विकला गेला, ते मला आत्ता कळलं.

कमळाकर : दोगंजन मिलून मला येडा बनवलात.

सॉल : तिथे तू कोणाची मदत घेतली नाहीस.

रंजिता : काका, तुम्ही म्हणालात, जे निघालं ते काढलं. काय निघालं? लाइनीवरचा फोटो आहे?

सॉल : लाइनीवरचा नाही. आधीचे तेवीस आहेत, आणि नंतरचा एक. मधले अकरा सेकंद नाहीत. थांब, लावतो. हा तेविसावा. लाइन अजून दोन हात लांब आहे.

रंजिता : दोन्ही जोड्या सारख्याच आहेत. हरण्या आणि कोसा… नाही सांगता येत, पप्पा. खरंच नाही सांगता येत.

कमळाकर : पुडं कर. तो नंतरचा दाखव.

सॉल : दाखवतो. पण आधी एक आठव. पंचांनी निकाल किती वेळाने दिला?

कमळाकर : पाव तास झाला असंन. भांडान किती झालं तवा.

सॉल : पाव तास. हे लक्षात ठेव. हा फोटो तेविसाव्या फोटोनंतर अकरा सेकंदांनी. वेळ खाली छापलेली आहे. रंजिता, तू सांग ह्यात काय आहे. मी काही बोलत नाही.

रंजिता : डाव्या बाजूला पप्पा. पंचाची कॉलर धरलीय. तोंड एवढं उघडं. पाठ बैलांकडे. मागे धूळ… उजवीकडे हरण्या. आणि हरण्याजवळ… बळीकाका आहेत.

कमळाकर : काय करतो तो?

रंजिता : एक हात हरण्याच्या गळ्यात आहे. गाल त्याच्या मानेला लावलाय. हसतायत. आणि दुसरा हात… पप्पा, दुसऱ्या हातात गुलाल आहे. हरण्याच्या कपाळाला लावतायत. स्वतःचे बैल मागे तसेच सोडलेत त्यांनी, चांद्याची दोरी जमिनीवर लोळतेय.



सॉल : निकाल लागायला अजून पाव तास होता. चिडवायचं तर आधी जिंकायला तरी हवं.

कमळाकर : गुलाल त्यानी त्याच्या बैलांसाटी आनला असंन.

सॉल : आणला असेल. लावला कोणाला?

कमळाकर : मंग पंचांना का नाय बोल्ला? तोंड नव्हतं काय त्याला? की बाबांनो, हरण्या पुढं व्हता!

रंजिता : बोलायला आले होते. मी होते ना तिथे. “दादा, ऐक तरी,” असं दोनदा म्हणाले. तुम्ही माइक हातात घेतला आणि सगळ्या गावासमोर त्यांना चोर म्हणालात. त्यांना आणि निकेशदादाला. त्यानंतर ते गप्पच झाले. ट्रॉफी घ्यायला पण स्टेजवर गेले नाहीत.

कमळाकर : हा फोटो कोनी कोनी बगितलाय?

सॉल : आलास ना लगेच मूळ पदावर? निकेशने बघितला, मी बघितला. आता तुम्ही दोघं.

कमळाकर : बल्याला म्हाईत हाय? असा फोटो हाय म्हनून?

सॉल : त्याला कशाला फोटो लागतो? तो तिथे होता.

रंजिता : पप्पा, एक काम करा. रविवारी शर्यतीच्या आधी माइक तुमच्याच हातात असणार. दोन वाक्यं बोला. कार्ड मी आणलेलं, खोटं निघालं, निकेशने फोटो खाल्ला नाही. बस. बळीकाकांचं तुम्ही नंतर बघा. पण त्याचं नाव साफ करा. ज्या माइकवरून चोर म्हणालात, त्याच माइकवरून.

कमळाकर : माइकवरनं?

रंजिता : हो.

कमळाकर : पावने असनार. पंचक्रोशी असनार. बापाचं नाव हाय कॅमेऱ्यावर, रंजू. लोकं काय बोलतील, पोशाच्या पोरानी बापाच्या नावानी डुप्लिकेट माल दिला? मी… मी निकेशला घरी बोलावतो. त्याला नवा कॅमेरा घेऊन देतो. पायजे तो. सॉल, तुज्याकडनंच घेतो. सगल्यात म्हाग दे.

सॉल : त्यावर पण नाव घालणार?

कमळाकर : तू गप ऱ्हा!

रंजिता : त्याला कॅमेरा नकोय, पप्पा. त्याच्याकडे होता की. तुम्ही तो गळ्यात ठेवायला लावलात.

कमळाकर : बगू. नंतर बगू. इतकं सोपं नसतं ते. आदी… सॉल, तो नंतरचा फोटो हाय ना, तेवडा काढून टाक. बाकीचे ठेव.

सॉल : काढून टाकू?

कमळाकर : हां. कोनाच्या हाती लागला तर उगाच…

सॉल : पुसायला काही वेळ लागत नाही. लिहायला रडणारं कार्ड पुसायला एकदम फास्ट असतं. हा घे माउस. बाण त्याच्यावर ठेवलाय. फक्त दाब.

कमळाकर : तू दाब ना.

सॉल : मी नाही. दुकान माझं, फोटो तुमच्या घरातला.

रंजिता : दाबा, पप्पा. मी बघतेय.

कमळाकर : माजा… माजा चष्मा गाडीत ऱ्हायला.

रंजिता : चष्मा तुमच्या डोळ्यावर आहे.

सॉल : कुठे निघालीस गं? चहा सांगितलाय.

रंजिता : नको काका. कॅमेरा इथे काउंटरवर ठेवतेय. रविवारी मी लाइनीवर येणार नाही. पप्पा, मी रिक्षाने स्टँडवर जाते, तिथून बस मिळेल खारघरची. तुम्ही गाडी घेऊन जा. आणि वाटेत कळंबोली लागत नाही, मला माहितीय. पण गाडी वळवता येते.

कमळाकर : रंजू… ए रंजू! गेली. आईवर गेलीय.

सॉल : आईवर कसली! उठून जायचं ते तुझंच आहे. फक्त ती योग्य वेळी उठली.

कमळाकर : लाइनीवर आता कोन उभा राहील?

सॉल : रविवार आहे. मी मोकळा आहे.

कमळाकर : येशील?

सॉल : येईन. गुडघ्याला पट्टा बांधून येईन. एकच फोटो काढीन. समोर कोण आहे ह्या वेळी?

कमळाकर : हायेत. सतरा जोड्या आल्यात. कर्जतचा कोन हाय, मोऱ्याकडचे दोगं हायेत.

सॉल : कोसा-चांद्या?

कमळाकर : बल्यानी इकले. गनपतीच्या आदी. टेंपो आयला, नि चांद्या चढंना. मी वर गच्चीवर व्हतो. आवाज येत व्हता त्याचा. हरण्या गोठ्यातनं ओरडला. दोगं एकाच गाईचे ना.

सॉल : तू खाली गेलास?

कमळाकर : नाय.

सॉल : मग ह्या रविवारी हरण्या अर्ध्या नाकाने पुढे निघाला, तरी गुलाल कोण लावील त्याला?

कमळाकर : लावंल कोनीतरी. कमिटीचा मानूस असतो त्याला.

सॉल : असतो. बरं, मग कुठलं देऊ? हे एका ओळीचं तुझ्या कॅमेऱ्याला पुरेल. हे दोन ओळींचं, त्यातलं सगळ्यात फास्ट. ह्या कॅमेऱ्यात चालणार नाही, पण तुला आकडा मोठा हवा होता.

कमळाकर : कुटलंबी दे.

सॉल : फास्ट नको?

कमळाकर : नको. आता काय घाई नाय.